पोट आलेला आरसा

हिंगणघाटच्या बंद जिनिंगमधल्या
मॅनेजरच्या बंगल्याचा लिलाव झाला
तेव्हा लोकांनी पंखे घेतले, सागाची दारं घेतली,
एकानं तर नुसत्या बिजागऱ्या, किलोवर.
पंचफुलाबाई उरकुड्यांनी हा घेतला:
परातीएवढा, गोल, मधोमध फुगलेला,
सोनेरी चौकटीवर बोराएवढे गोळे
आणि वर एक पक्षी, चोच तुटलेला.
अंगणवाडीतून सुटताना हातात पडलेल्या पैशातला
बराचसा त्यात गेला.
किती, ते कोणालाच कळलं नाही.

वडनेरच्या बसमध्ये गोधडीत गुंडाळून
मांडीवर घेऊन बसल्या.
कंडक्टरनं विचारलं, लेकराचं वय काय?
म्हणाल्या, असंल शंभराच्या वर.

गावानं गोधडी उलगडून पाहिलं
आणि पहिलं वाक्य काढलं:
व माय, याले त पोट आलं!

मग माझ्याकडे निरोप.
चोवीस गोळ्यांतले तीन गळाले होते.
मी एकेकाळी गाडीची चाकं करायचो,
आता चौरंग करतो, खाटेचे पाय बदलतो,
पोरांच्या मोडक्या बॅटी सांधतो.
तिवसाचा एक तुकडा माळ्यावर पडून होता,
शेवटच्या चाकातून उरलेला.
त्याचे गोळे उतरवले.
गणपतीच्या मुकुटाला लावतात तो डबीतला सोनेरी फासला
तर तिन्ही गोळे जुन्यांपेक्षा जास्तच सोन्याचे निघाले.
खरवडतो म्हटलं.
राहू द्या शेषरावभाऊ, बाई म्हणाल्या,
नवे पोट्टे पहिल्या दिवशी असेच चमकतात,
तेल चोपडून आलेले.

निळीच्या चुन्याची भिंत, दारासमोरची.
एवढ्या उंचावर? मी म्हटलं, तोंड कसं पाहाल?
तोंड कोणाले पाहाचं आहे, त्या म्हणाल्या,
साध्या आरशात मीच दिसतो
अन् मले त मी पाठ आहो.
याच्यात दारात कोण आलं,
चुलीवर काय उतू चाललं,
बकरी कोणत्या टोपल्यात तोंड घालून रायली,
सारं एका जागी.
तीस वर्षं चाळीस-चाळीस पोट्टे राखले,
पाठीले डोळा नव्हता बाप्पा.

स्टुलावर चढलो.
खिळा ठोकला, आरसा टांगला, हात मागे घेतला
तर आरशात आधी माझा हातच आला,
घमेल्याएवढा,
आणि हातात सगळ्यात मोठं
ते करवतीनं नेलेलं बोट.
वीस वर्षांत मी ते कोणाला नीट दाखवलं नव्हतं.
त्याच्या मागे, तिळाएवढ्या कडांनी,
अख्खी खोली धनुष्यासारखी वाकलेली,
दार वाकलेलं, दारातून गल्ली,
गल्लीच्या टोकाला मळणीयंत्राचा धुरळा
आणि सोयाबीनच्या कुटाराचा पिवळा ढीग,
हरभऱ्याच्या दाण्याएवढा.
आणि अगदी खाली पंचफुलाबाई,
अंगठ्याएवढ्या,
दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या.

केव्हापासून धरलं होतं कोण जाणे.
स्टुलाचा एक पाय आखूड आहे
हे मला माहीत होतं, मीच बनवलेलं.
त्यांना कसं कळलं?

आता सायंकाळी पोरं येतात.
जवळ जाऊन नाकं फुगवतात, हसतात, लोळतात.
कधी त्यांचे बापही येतात,
ट्रॅक्टर दारात चालूच ठेवून.
बाई त्यांना अजून ओळीनं उभं करतात:
सरका मागं, अजून मागं,
मागं सरकलं का सगळे मावता.

मजुरीत मी शंभर कमी घेतले
आणि बाईंनी ते शंभर डब्यातल्या लाडवांखाली घालून पाठवले.

गोळे मी चार उतरवले होते.
एखादा फुटेल म्हणून.
फुटला नाही.
तो चौथा खिशात राहिला आहे,
परवा दुकानात सुटे शोधताना हाताला लागला,
दुकानदार म्हणाला, हे काय?
मी म्हटलं, काही नाही,
आणि पाच रुपयांचं नाणं पुढे केलं.